अध्याहृत कर्ता

निर्णयसागर छापखान्याचीं जुनीं संस्कृत पुस्तकें ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं एखादें काढून त्याचें पहिलें पान पाहावें. ग्रंथकाराचें नांव, टीकाकाराचें नांव, संशोधकाचें नांव, आणि खालीं मुंबईच्या कोलभाट गल्लीचा पत्ता. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं हा छापखाना काढला. अक्षरांचे खिळेहि त्यांच्याच कारखान्यांत ओतले जात. एखाद्या श्लोकांत अनुस्वार गळला तर अमरावतीच्या शास्त्रीबोवांनीं पोस्टकार्ड कोणाच्या नांवें टाकावें हा प्रश्न पडत नसे. उत्तर येई कीं नाहीं ही गोष्ट निराळी. परंतु पत्र कोठें गेलें हें तरी माहीत असे.

आम्हांस गेलीं दोन वर्षें एका वस्तूच्या कर्त्याची गांठ घ्यावयाची आहे, आणि ती अद्याप पडलेली नाहीं. वस्तु म्हणजे कॉम्प्युटरवर मराठी लिहिण्याचें एक सॉफ्टवेअर. तें बनविणाऱ्या कंपनीचें नांव आम्ही येथें देत नाहीं. जो सांपडतच नाहीं त्याच्यावर त्याच्या पाठीमागें आरोप ठेवणें आम्हांस बरें वाटत नाहीं. शिवाय हा प्रकार एकाच कंपनीचा आहे असेंहि नाहीं.

आमचे थोरले बंधु अकोल्यास असत. बँकेंतील नोकरी संपल्यावर १९९९ सालीं त्यांनीं कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर एकच काम बारा वर्षें केलें. आमच्या मातोश्री, दोन काकू आणि आत्याबाई यांच्या तोंडीं असलेले वऱ्हाडी शब्द ते अर्थासह टिपून ठेवीत. पऱ्हाटी, सरकी, उलंगवाडी असे शेतांतले, रोडगे, पानगे असे चुलीपुढचे, व्रतवैकल्यांतले, आणि रागाच्या भरांत सासवा सुनांना जे म्हणत तेहि. महानुभावांच्या जुन्या गद्यांतील एखादा शब्द आईच्या बोलण्यांत जसाच्या तसा सांपडला कीं ते अमरावतीस आम्हांला फोन करीत, आणि मग आम्ही त्याचें संस्कृत मूळ शोधीत बसूं. ऋद्धिपूर आमच्याच जिल्ह्यांतलें. त्यामुळें त्यांत थोडा गांवचा अभिमानहि असे. असे सुमारें तेवीसशें शब्द झाले. २०१४ सालीं बंधु गेले. मातोश्री आणि काकू त्यापूर्वींच गेल्या होत्या. म्हणजे ते शब्द आतां कोठें शिल्लक असतील तर त्या यंत्रांतच.

दोन वर्षांपूर्वीं दिवाळींत ते छापून घरोघर द्यावे असें ठरलें. यंत्र सुरू करावयास गेलों तों तें मेलेलें. पुतण्यानें त्यांतील फाइली नव्या यंत्रावर उतरवून घेतल्या आणि एक उघडली. पाहतों तों पडद्यावर रोमन अक्षरें, स्वल्पविराम, डॉलरचीं चिन्हें आणि अधूनमधून एखादें उलटें प्रश्नचिन्ह! आईच्या शब्दांपैकीं एकहि ओळखूं येईना. मूळ सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर घालावें तर त्याला एक किल्ली लागते. तिला डोंगल म्हणतात. ती जुन्या यंत्राच्या पाठीस, प्रिंटरच्या पंचवीस छिद्रांच्या खांचेंत बसवीत असत. नव्या यंत्रांना ती खांचच नसते. किल्ली आमच्या हातांत, कुलूप आमच्या घरांत आणि दोहोंची गांठ घालून देणारा मात्र बेपत्ता.

असें कां झालें हें समजून घेण्यास आम्हांस एक महिना लागला. यंत्र अक्षर ओळखत नाहीं, अंक ओळखतें. पूर्वींच्या रचनेंत एका अक्षराला मिळणारे अंक फार तर २५६, आणि त्यांवर रोमन अक्षरांनीं आधींच बैठक मारलेली. तेव्हां मराठी सॉफ्टवेअर करणाऱ्यांनीं युक्ति केली कीं रोमन अक्षरांच्या आसनांवर देवनागरीचे तुकडे नेऊन बसवावे. कोठें काना, कोठें अर्धा ‘त’, कोठें रफार. प्रत्येक कंपनीनें आपापल्या मतानें बसविले. एकीच्या ‘क’च्या आसनावर दुसरीचा ‘ढ’. फाँट जवळ असला तर मराठी दिसावयाचें, नसला तर आंतलें रोमन उघडें पडावयाचें. वस्तुतः १९९१ सालींच भारतीय मानक संस्थेनें इस्की नांवाची एक सामाईक व्यवस्था ठरविली होती, आणि त्याच सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तिच्यांत देवनागरीला स्वतंत्र १२८ जागा मिळाल्या, आणि त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून केलेली. परंतु सामान्य माणसाच्या टेबलावर तें पोंचलें विंडोज २००० बरोबर, सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या ‘मंगल’ फाँटाच्या रूपानें. आमच्या बंधूंनीं एक वर्ष आधीं यंत्र घेतलें होतें.

असो. कर्त्याच्या शोधाकडे वळूं. सॉफ्टवेअरच्या पुठ्ठ्याच्या पेटीवर एका मोठ्या शहरांतला पत्ता होता. त्या पत्त्यावर आम्हीं रजिस्टर्ड पत्र पाठविलें (तेव्हां रजिस्टर्ड टपाल निराळें होतें, २०२५ मध्यें तें स्पीड पोस्टांत विलीन झालें). सोळाव्या दिवशीं पत्र परत आलें. कंपनी तेथें नव्हती. फोन नंबर जुन्या अंकांचा, तो लागेना. चौकशीअंतीं कळलें कीं ती कंपनी मागेंच दुसरीनें विकत घेतली. दुसरीची वेबसाइट फार देखणी आहे. तिच्यावर ‘आमच्याशीं संपर्क’ असें एक बटण आहे. तें दाबलें असतां नेहमीं विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची यादी येते. यादींत आमचा प्रश्न नव्हता, म्हणून ‘अन्य’ दाबलें. तेव्हां एक यंत्रच बोलावयास लागलें. त्यानें परवान्याचा क्रमांक मागितला. आम्हीं पेटीवरचा क्रमांक दिला. क्रमांक चुकीचा आहे असें तें म्हणालें. आम्हीं पुन्हां दिला. त्यानें आम्हांस प्रश्नांच्या यादीकडे परत पाठविलें. या प्रदक्षिणा आम्हीं पांच घातल्या.

शेवटीं एक ई-मेल आलें: “आपली विनंती प्राप्त झाली आहे. तिची नोंद घेण्यांत आली आहे. या पत्त्यावर उत्तर पाठविण्यांत येऊं नये.” आम्हीं छत्तीस वर्षें वर्गांत प्रयोग शिकविले. कर्तरि प्रयोगांत कर्ता समोर उभा असतो. कर्मणींत तो तृतीयेंत जाऊन थोडा बाजूस सरतो, पण असतो. ‘रामेण’ म्हटल्यावर राम कोण हें कळतेंच. या पत्रांत तीन वाक्यें, आणि विनंती कोणाला प्राप्त झाली, नोंद कोणीं घेतली, उत्तर कोणीं नको म्हटलें, याचा एकाहि वाक्यांत मागमूस नव्हता! एखाद्या विद्यार्थ्यानें अशी उत्तरपत्रिका दिली असती तर ‘कर्ता कोठें आहे?’ असा शेरा आम्हीं तांबड्या शाईनें मारला असता. येथें शेरा मारावा तर उत्तर पाठविण्यास मनाई.

मग आम्ही स्वतः अकोल्यास गेलों. तेथें टिळक रोडवरच्या ज्या दुकानांतून हें सॉफ्टवेअर घेतलें होतें त्याची पावती बंधूंनीं जपून ठेवली होती. अमरावती–अकोला रस्ता २०२२ च्या जूनमध्यें १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर घालून जागतिक विक्रमांत गेला. पण आम्ही जुन्या वळणाचे, बडनेऱ्याहून आगगाडीनेंच निघालों. मूर्तिजापुरास गाडी थांबली तेव्हां ‘शकुंतले’ची आठवण झाली. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा तिचा चिमुकला मार्ग स्वातंत्र्यानंतरहि कित्येक वर्षें एका खाजगी कंपनीच्याच मालकीचा होता. गाडींत बसणाऱ्याला मालक कधीं दिसला नाहीं. परंतु गार्ड, स्टेशनमास्तर आणि पाणी पाजणारा हे तरी डोळ्यांपुढें असत. तक्रार ऐकून घेण्यास तेवढे पुरत.

दुकानाच्या जागीं आतां मोबाइलचीं कव्हरें विकतात. जुने मालक घरीं भेटले. वयानें आमच्याहून वडील. त्यांनीं पेटी ओळखली आणि हंसूं लागले. “अहो गुरुजी, हे एका पोरानं बनवलं होतं. आला होता तो इथं स्वतः. चार दिवस दुकानांत बसून आम्हांला शिकवलं, आमच्याच घरीं जेवला. ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ नीट उमटून नव्हता राहिला, तर रात्रींतून दुरुस्त करून दिला त्यानं.” त्याचें नांव? तें मात्र त्यांना आठवेना. घारे डोळे आणि डाव्या हातानें लिहिणारा, एवढेंच.

ही गोष्ट ऐकून आम्हांस समाधान वाटण्याऐवजीं अधिकच चुटपुट लागली. म्हणजे कर्ता होता. माणूस होता, जेवला होता, एका अक्षरासाठीं रात्रभर जागला होता. पंचवीस वर्षांत त्याच्यामध्यें आणि आमच्यामध्यें इतके दरवाजे उभे राहिले कीं त्याला स्वतःला बाहेर येऊन भेटावें असें वाटलें तरी वाट सांपडूं नये.

याच सुमारास घरांत एक प्रसंग घडला तो सांगणें आवश्यक आहे, कारण तसा तो कोणाहि घरीं घडेल. कंपनीच्या नांवापुढें ‘कस्टमर केअर’ असें लिहून शोध केला असतां एक मोबाइल नंबर मिळाला. दुसऱ्या घंटेलाच फोन उचलला गेला. गोड हिंदींत बोलणारा एक गृहस्थ, आमचें म्हणणें पूर्ण ऐकून घेणारा! दोन महिन्यांत प्रथमच जिवंत माणूस भेटल्यामुळें आम्ही अगदीं विरघळून गेलों. त्यानें सांगितलें कीं मोबाइलवर एक ॲप घ्या, म्हणजे तुमचा पडदा मला इकडे दिसेल. आणि नोंदणीसाठीं फक्त दहा रुपये पाठवा. आम्ही चष्मा शोधीत होतों, इतक्यांत सूनबाई स्वयंपाकघरांतून आल्या आणि त्यांनीं आमच्या हातांतून फोन काढून घेतला. “बाबा, ठेवा तो फोन. दहा रुपये नाहीं, तुमची पेन्शन जाईल.” आणि तें खरेंच होतें. खऱ्या कंपन्या दारें लावून बसल्या म्हणजे ओट्यावर भामटे येऊन बसतात. इंटरनेटवर असे खोटे नंबर मुद्दाम पसरविलेले असतात. पडदा दिसूं लागला कीं बँकेचा परवलीचा अंकहि दिसतो. पैसे गेलेच तर क्षणाचाहि विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें. रक्कम पुढें सरकण्यापूर्वीं अडविण्याची शक्यता तेव्हांच असते. हा क्रमांक घरांतील वडील मंडळींच्या फोनवर आधींच घालून ठेवावा. आमच्या फोनवर तो आतां सूनबाईंच्या नंबराखालीं आहे.

कायद्याचें काय, असें कोणी विचारील. आमचा एक जुना विद्यार्थी अमरावतीस वकिली करतो. त्यानें सांगितलें कीं कायदा अगदींच मुका नाहीं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणें विक्रीच्या वेबसाइटला तक्रार-अधिकाऱ्याचें नांव जाहीर करावें लागतें, ४८ तासांत पोंच द्यावी लागते आणि महिन्याभरांत तक्रार निकालांत काढावी लागते. २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनीं समाजमाध्यमांसारख्या मध्यस्थांवर असेंच बंधन घातलें, आणि त्यांच्या निकालावर अपील ऐकण्यासाठीं २०२३ मध्यें तीन समित्या नेमल्या गेल्या. याहून मोलाची गोष्ट म्हणजे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यान्वयें कंपनी बंगळूरची असो कीं पुण्याची, ग्राहक जेथें राहतो तेथल्याच जिल्हा आयोगापुढें फिर्याद करतां येते; पांच लाखांपर्यंतच्या मालाला फी पडत नाहीं. त्यापूर्वीं १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी. “पण गुरुजी,” तो म्हणाला, “मुदत दोन वर्षांची. तुमची पावती १९९९ ची.” म्हणजे कायद्याचें दार उघडें होतें, पण आम्ही तेथें चोवीस वर्षें उशिरा पोंचलों होतों.

अशा अनुभवानें मनुष्य चडफडतो आणि गप्प बसतो. एक गृहस्थ मात्र गप्प बसला नाहीं. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांत रिचर्ड स्टॉलमन हा तरुण काम करीत असे. तेथील जुन्या प्रिंटरमध्यें कागद अडकला कीं सर्वांच्या पडद्यावर सूचना जावी अशी सोय त्यानें आज्ञावलींत स्वतः करून घेतली होती. पुढें झेरॉक्स कंपनीचा नवा प्रिंटर आला; त्याची आज्ञावली मात्र दिली गेली नाहीं. कागद अडकतच राहिला. ती आज्ञावली दुसऱ्या एका विद्यापीठांतील गृहस्थापाशीं आहे असें कळल्यावरून स्टॉलमन त्याच्याकडे गेला. त्यानें नकार दिला. कोणास द्यावयाची नाहीं असें वचन तो देऊन बसला होता. १९८३ सालीं स्टॉलमननें जी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जाहीर केली तिच्या मुळाशीं हा अडकलेला कागद होता, असें तो स्वतः सांगत आला आहे. आम्हांस त्याचीं सर्व मतें पटतात असें नाहीं.  परंतु कर्ता नाहींसा झाला तरी वस्तु दुरुस्त करतां यावी, हें त्याचें म्हणणें आमच्या डोंगलाकडे पाहतां अक्षरशः पटतें.

आमची वाट शेवटीं पुतण्यानें काढली. तो म्हणाला, “काका, कंपनीचं कोणी बोलूनच नाहीं राहिलं, तर आपणच फोडूं.” बंधूंनीं पहिल्या दोनशें शब्दांची छापील प्रत आम्हांस पूर्वीं दिली होती. ती एका बाजूस आणि पडद्यावरचें रोमन दुसऱ्या बाजूस ठेवून कोणत्या चिन्हाच्या जागीं कोणता तुकडा बसला आहे याचें कोष्टक आम्हीं तयार केलें. हें काम तीन महिने चाललें. त्यांत आम्हांस एक गंमत आढळली. जुन्या सॉफ्टवेअरमध्यें ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीं साठविलेली असते, कारण कागदावर ती आधीं दिसते. ‘र्क’ मधला रफार मात्र नंतर, कारण तो मागून डोक्यावर चढतो. युनिकोडमध्यें उलट. तेथें ‘कि’ म्हणजे आधीं क् आणि मग इकार. ‘र्क’ म्हणजे आधीं र् आणि मग क. म्हणजे जिभेवरचा क्रम, डोळ्यांपुढचा नव्हे. शिक्षाग्रंथ लिहिणाऱ्या आमच्या पूर्वजांनाहि हाच क्रम मान्य झाला असता.

कोष्टक पुतण्यानें यंत्रास शिकविलें आणि एके संध्याकाळीं तेवीसशें शब्द देवनागरींत उभे राहिले. पहिल्याच ओळींत शीर्षक होतें: ‘वर्हाडी शब्दसंग्रह’. आम्हीं कपाळावर हात मारला. ज्या ‘ऱ्ह’साठीं तो अज्ञात तरुण अकोल्यास रात्रभर जागला, तोच आमच्या कोष्टकांतून निसटला होता! पर्हाटी, बिर्हाड, गुर्हाळ, चर्हाट; सारे असेच. दुसऱ्यांना हा भेद क्षुल्लक वाटेल, पण ज्या भाषेंत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत मठ आणि मुदपाकखाना इतकें अंतर आहे तिला तो क्षुल्लक नाहीं. युनिकोडमध्यें हा डोळ्याच्या पापणीसारखा ‘र’ काढण्यासाठीं टिंबाचा ‘ऱ’ वापरावा लागतो. तो अक्षर मुळांत द्राविडी भाषांतील उच्चारांसाठीं ठेवलेला. हें समजल्यावर चूक एका दिवसांत निघाली.

येथें एक गोष्ट कौतुकानें नमूद करतों. युनिकोडचा कारभार पाहणारी संस्था अमेरिकेंत आहे, परंतु अक्षराविषयीं लेखी प्रस्ताव कोणालाहि पाठवितां येतो, आणि आलेले प्रस्ताव जगाला वाचण्यास खुले असतात. आपला ‘ॲ’ २००८ सालीं तेथें स्वतंत्र अक्षर म्हणून दाखल झाला. तोंपर्यंत ‘अ’वर चंद्र निराळा चढवावा लागे. महाराष्ट्र शासनानें २००९ मध्यें आणि पुन्हां २०२२ मध्यें मराठी ‘ल’ व ‘श’ यांचीं वळणें ठरवून दिलीं. तीं ज्या फाँटांत उमटत नाहींत त्यांपैकीं मुक्त परवान्याच्या फाँटांच्या कर्त्यांपुढें तक्रार चारचौघांच्या देखत मांडतां येते. आम्हीं अशा एका फाँटाच्या कर्त्यांस ‘ऱ्ह’ची जागा फार सुटते असें कळविलें. तिसऱ्या दिवशीं उत्तर आलें, नांवानिशीं, कर्तरि प्रयोगांत: “मी पाहतों.” दुरुस्ती अजून झालेली नाहीं, पण आम्हांस घाई नाहीं.

संग्रहांतले एक्केचाळीस शब्द मात्र शंकित राहिले. जुन्या फाइलीच त्या ठिकाणीं किडल्या होत्या, आणि छापील प्रतींत ते नव्हते. आतां त्यांच्या कर्त्यांपैकीं एकट्या आत्याबाई उरल्या आहेत. त्या अकोल्यासच असतात; वय अठ्ठ्याऐंशी, कान थोडे जड. दर रविवारीं सकाळीं त्यांची पूजा आटोपली कीं आम्ही फोन करतों आणि अर्थ वाचून दाखवितों; शब्द त्या सांगतात. गेल्या रविवारीं एक असा निघाला: पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाचे खांदे तूप-हळद लावून शेकण्याचा विधि. ‘खांद’ एवढीं अक्षरें वाचतां येत होतीं, पुढचीं गेलेलीं. मळणी कीं शेकणी, हें आम्हांस ठरवितां येईना.

“खांदशेकणी,” त्या तिकडून मोठ्यानें म्हणाल्या. “आपल्या घरीं शेकणीच म्हणत. दादाला मीच तर सांगितलं होतं. लिही.”

आम्हीं लिहिलें. चाळीस राहिले.